आवाजाची वाट लागू नये म्हणून

"आज जरा लवकर निघते, घरी नात रेकॉर्ड करायची आहे," असं मी स्टाफरूममध्ये म्हणाले तेव्हा आमच्या गणिताच्या बाई चष्म्यावरून माझ्याकडे बघतच राहिल्या. "अगं, तुला नात कधी झाली? सांगितलं नाहीस ते!" मग पेढ्यांची मागणी झाली. उर्दू आणि मराठी या दोन्ही भाषा शिकवणारीच्या नशिबी असे प्रसंग येतातच. उर्दूतला ऐन मराठीत येता येता गळून पडतो आणि नबींची (सल्ल.) स्तुती मुलाची मुलगी होऊन बसते. म्हणून इथून पुढे मी नअत असंच लिहिते.

नअत माझ्या थोरल्याची. बारावीला आहे, आवाज अल्लाहने बरा दिलाय आणि रमजानच्या आधी एक नअत चांगली रेकॉर्ड करून यूट्यूबवर टाकायची हे त्याच्या डोक्यात बसलेलं. त्यासाठी लागणाऱ्या सामानाची यादी त्याने मला दिली. महिन्याच्या किराण्याच्या यादीपेक्षा ती लांब होती: मिक्सर, माइक, साउंड कार्ड, एको मशीन, भिंतीला लावायचा काळा फोम, निळे दिवे. (निळ्या दिव्यांचा आवाजाशी काय संबंध, हे मला अजून कळलेलं नाही.) बेरीज माझ्या महिन्याच्या हप्त्यांना लाजवेल इतकी. तेव्हा मी बाई म्हणून नाही, आई म्हणून विचारलं, "यातली कोणती वस्तू काय करते, ते मला सांग. जी सांगता येईल तीच आणू."

त्याला सांगता येईना. मलाही येत नव्हतं. आमच्या अंबाजोगाईत विचारायचं तरी कोणाला? लग्नात साउंड लावणारे मंडपवाले होते, पण त्यांचं काम पाचशे माणसांना ऐकू जाईल असं करण्याचं. घरात रेकॉर्ड करणं हा वेगळा धंदा आहे, हे आम्हाला ठेच लागून कळलं. त्या ठेचेत आमच्या घरातली एक गोष्ट हरवली, तिच्याविषयी पुढे येईलच. या पानावर एरवी मी अभ्यास, परीक्षा, मुलांच्या सवयी असं लिहिते. पण गेल्या काही महिन्यांत निदान तीन भगिनींनी मला "मुलाला नअतसाठी माइक कोणता घ्यावा" असं विचारलं. तो प्रश्नच थोडा चुकीचा आहे, म्हणून हे लिहिते. (नअतीसोबत वाद्य असावं की नसावं हा प्रश्न मी उलमांकडे सोडते. माझं काम आवाजापुरतं.)

माझ्या मते खरा प्रश्न असा: तोंडातून निघालेला आवाज फाइल होऊन बसेपर्यंत कोणकोणत्या हातांतून जातो? जाणकार याला सिग्नल पाथ म्हणतात. आपण आवाजाची वाट म्हणू. उन्हाळ्यात आपल्याकडे पाण्याचं जसं असतं तसंच हे आहे. विहिरीतून टँकरमध्ये, टँकरमधून पाइपाने टाकीत, टाकीतून घागरीत, घागरीतून रांजणात. प्रत्येक ठिकाणी थोडं सांडतं, थोडी माती मिसळते. रांजणाला कितीही भारी तोटी बसवली तरी टँकरमध्ये मिसळलेली माती निघत नाही.

ही वाट सगळ्यात छोटी कधी होती? १९०२ साली. त्या वर्षी नोव्हेंबरात ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गेसबर्ग कलकत्त्यात आले आणि त्यांनी गौहरजानचा आवाज तबकडीवर घेतला. तेव्हा वीज नव्हती, माइक नव्हता, काही नव्हतं. भिंतीतून एक मोठा कर्णा बाहेर आलेला असायचा. गायिकेने त्यात तोंड घालून जोरात गायचं, कर्ण्याच्या दुसऱ्या टोकाचा पडदा थरथरायचा, पडद्याला जोडलेली सुई मेणाच्या तबकडीवर रेघ ओढायची. संपलं. गाणं साधारण तीन मिनिटांत आटपावं लागे. शेवटी गौहरजान इंग्रजीत आपलं नाव सांगे, कारण तबकड्या छापल्या जायच्या जर्मनीतल्या हॅनोव्हरला आणि तिथल्या लोकांना कोणाचं गाणं कोणतं हे कळायला हवं. माइक आणि विजेवरचं रेकॉर्डिंग आलं १९२५ नंतर. आज सव्वाशे वर्षांनी ते गाणं ऐकताना खरखर येते, जाड आवाज येत नाही, पण शब्द कळतात. कर्ण्याने आवाजातलं बरंच गाळलं, पण स्वतःचं त्यात फारसं काही घातलं नाही.

आता आमची वाट ऐका.

ओळखीच्या एका साउंडवाल्याने दोन दिवसांसाठी मिक्सर आणि माइक दिला. भला माणूस, पैसेही घेतले नाहीत. माइकची वायर मिक्सरमध्ये, मिक्सरमधला एको चालू, मिक्सरमधून बाहेर आलेली वायर लॅपटॉपच्या बाजूच्या छोट्या भोकात. पडद्यावर रेघा हलू लागल्या, आम्ही खूश. अर्धा तास रेकॉर्ड केल्यावर थोरल्याच्या लक्षात आलं की माइक बंद केला तरी रेघा हलताहेत. लॅपटॉपने आमची वायर ओळखलीच नव्हती. तो आपल्याच अंगातल्या टाचणीएवढ्या माइकने, पंख्याच्या घरघरीसकट, सगळं ऐकत होता. हल्लीच्या बऱ्याच लॅपटॉपांना हेडफोन आणि माइक यांच्यासाठी मिळून एकच भोक असतं. त्यात चार कड्यांची पिन लागते, आमची होती तीन कड्यांची.

धाकट्याला बाजारात पिटाळून जोडणी आणली. आता मिक्सरचा आवाज खरोखर आत जाऊ लागला, पण फाटका. इथे थोडं गणित आहे, कंटाळू नका. साध्या माइकमधून निघणारा दाब एखाद्या व्होल्टच्या हजाराव्या भागाएवढा असतो. मिक्सर तो साधारण हजारपट वाढवून एखाद्या व्होल्टपर्यंत आणतो. लॅपटॉपचं ते भोक बनवलेलं असतं माइकच्या बारीकशा दाबासाठी, म्हणजे ते स्वतःही आलेला आवाज वाढवतं. आधीच वाढवलेल्याला पुन्हा वाढवलं की आवाजाच्या लाटेचे शेंडे कापले जातात. चहाच्या कपात बादली ओतावी तसं. असा आवाज नंतर कोणत्याही सॉफ्टवेअरने पूर्ववत होत नाही, कारण जे आत आलंच नाही ते परत आणायचं कुठून?

त्यात भर म्हणजे सतत एक गुंऽऽ असा आवाज. आपल्या घरातली वीज सेकंदाला पन्नास वेळा हेलकावते. मिक्सर एका सॉकेटवर, लॅपटॉपचा चार्जर दुसऱ्या, घराचं अर्थिंग नावापुरतं. दोन्ही उपकरणं वायरने जोडली की ती पन्नासची गुणगुण आवाजात शिरते. चार्जर काढला की ती बरीच कमी होते, हे आम्हाला दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कळलं.

या दोन दिवसांच्या मधल्या दुपारी आमची खाला घरी आली होती.

खाला म्हणजे अम्मीची मोठी बहीण. धारूरच्या डोंगरपट्ट्यातल्या एका खेड्यात सारं आयुष्य गेलं. वय तिला विचारलं तर ती रझाकारांच्या गडबडीत आपण किती मोठी होते ते हाताने दाखवते, त्यावरून आपण हिशेब करायचा. माइक बघून ती म्हणाली, "मैं बी गाऊँ क्या?" आणि तिने चक्कीवरचं गाणं सुरू केलं. पहाटे दळताना म्हणायचं. अर्धं दखनी, अर्धं मराठी, एका ओळीत भाऊ येतो, दुसऱ्या ओळीत मदीना. आम्ही तिच्यासमोर माइक धरला, एको तसाच चालू. सात कडवी म्हणाली. मग चहा प्यायला उठली.

संध्याकाळी तिला ऐकवलं. ती डोळे मिटून ऐकत होती. मग म्हणाली, "ये कौन बावडी में बैठको बोल रई?"

आम्ही हसलो. तिने मात्र ते हसण्यावारी नेलं नव्हतं, हे नंतर जाणवलं.

ही गाणी म्हणजे काय ऐवज आहे, हे मला बीएडला असताना कोणी सांगितलं नव्हतं. नंतर वाचनात आलं. विजापूरच्या सूफींनी सतराव्या शतकात दखनीत चक्कीनामे आणि चरखानामे रचले, बायकांना दळताना आणि सूत कातताना म्हणता येतील असे. रिचर्ड ईटन यांनी १९७८ साली आलेल्या आपल्या विजापूरच्या सूफींवरच्या पुस्तकात त्यांच्याविषयी लिहिलं आहे. दुसरीकडे आपल्या मराठीतल्या जात्यावरच्या ओव्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी महाराष्ट्रातल्या हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. बर्नार्ड बेल यांनी १९९० च्या दशकात त्यांतल्या कितीतरी गाणाऱ्या बायकांचा आवाज रेकॉर्ड केला. त्यात आपल्या बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या भीमनगरातल्या बायकाही आहेत. १९९६ सालचे ते आवाज आज 'पारी'च्या संकेतस्थळावर कोणालाही ऐकता येतात. मी ते वर्गात लावले तेव्हा मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "मॅडम, माझी दादी पण असंच गाते." तिला विचारलं, रेकॉर्ड केलंस का? म्हणाली, व्हॉट्सअॅपवर व्हॉइस नोट आहे, मामूला पाठवलेली.

विजेची गिरणी गावात आली आणि जातं कोपऱ्यात गेलं, त्याबरोबर गाणंही गेलं. जातं एक वेळ पुन्हा मिळेल. म्हणून थोरल्याच्या नअतीपेक्षा माझ्या मनात खालाचंच गाणं जास्त बसलं होतं. नअत तो उद्याही म्हणेल. खालाकडे उद्याचा भरवसा कोणी द्यावा?

मिक्सर परत केला आणि मी कागद घेऊन बसले. शाळेत शिकवते तशी शेवटापासून सुरुवात केली. शेवटी काय हवं? साफ, कोरडी, मोठी फाइल. तिच्या आधी काय? आवाजाचे आकडे करणारं यंत्र. त्याच्या आधी? बारीक आवाज वाढवणारं यंत्र. त्याच्या आधी माइक. त्याच्या आधी खोली. त्याच्याही आधी माणूस आणि त्याचं माइकपासूनचं अंतर. यातलं वाढवणारं आणि आकडे करणारं ही दोन यंत्रं आज एकाच लहान डबीत मिळतात. तिला ऑडिओ इंटरफेस म्हणतात. माइकची वायर इकडून आत, यूएसबीची वायर तिकडून लॅपटॉपला. मिक्सर नको, एको मशीन नको, लॅपटॉपचं ते दगाबाज भोकही नको. यादीतल्या सहा वस्तूंपैकी चार अशा गळाल्या. थोरल्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

त्याचा मोठा वाद एकोवर होता. "अम्मी, एकोशिवाय नअत नंगी वाटते." त्याचं म्हणणं अगदीच चूक नाही. मशिदीच्या घुमटाखाली ऐकलेल्या आवाजाची आपल्या कानांना सवय असते. पण माझा मुद्दा एवढाच की एको ही बिर्याणीवरची कोथिंबीर आहे, तांदूळ धुताना टाकायची वस्तू नव्हे. रेकॉर्ड कोरडं करायचं, मग सॉफ्टवेअरमध्ये हवा तेवढा एको द्यायचा. आवडला नाही तर काढता येतो. मिक्सरमध्येच दिलेला एको फाइलमध्ये कायमचा मुरतो, तो वेगळा निघत नाही. ऑडॅसिटी नावाचं सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यात हे सगळं होतं. पहिले दोन दिवस थोरला हेडफोनमधला आपला कोरडा आवाज ऐकून बिथरला. तिसऱ्या दिवशी त्याला कळलं की आपण प्रत्येक ओळीच्या शेवटी सूर खाली सोडतो. एकोने ते इतके दिवस झाकलं होतं. त्याने ते सुधारलं. नुसत्या या एका फायद्यासाठीसुद्धा मी कोरड्या रेकॉर्डिंगची शिफारस करेन.

आता माइक. याचे दोन मोठे प्रकार. पहिला डायनॅमिक. यात चुंबकापुढे तारेचं वेटोळं हलतं, म्हणजे उलटा चालवलेला स्पीकरच. जलशात, सभेत हातात धरतात तो बहुतेक हाच. शुअर कंपनीचा एसएम फिफ्टी-एट १९६६ पासून निघतो आणि आजही जगभर तोच दिसतो, यावरून या प्रकाराचा टिकाऊपणा कळेल. हा माइक जवळचं ऐकतो, लांबचं बरंचसं सोडून देतो. घरात कुकरची शिट्टी, रस्त्यावरची रिक्षा, शेजारच्यांची मालिका असेल तर हा बरा. दुसरा कंडेन्सर. यात अतिशय पातळ पडदा असतो, तो पुसटशा आवाजानेही हलतो. त्याला चालायला ४८ व्होल्ट लागतात, ते इंटरफेसमधून त्याच वायरीने जातात. एक बटण असतं, वायर जोडून झाल्यावरच ते दाबायचं. हा माइक श्वास, जीभ, बांगडी सगळं ऐकतो. आणि कुकरसुद्धा.

दुकानदार सरळ कंडेन्सर गळ्यात मारतात, कारण तो दिसायला स्टुडिओसारखा. थोरल्यासारखा खणखणीत गाणारा मुलगा, सात माणसांचं घर, रस्त्यालगतची खोली असेल तर डायनॅमिकच घ्या, असं माझं मत. पण खालाचा आवाज म्हणजे आता कुजबुज. डायनॅमिकला तो पुरत नाही. मग वाढवणाऱ्या यंत्राला ताण देऊन आवाज चढवावा लागतो आणि त्याबरोबर मागची सूंऽऽ अशी सळसळही चढते. तिच्यासाठी कंडेन्सर हवा, आणि कंडेन्सर हवा तर जागा शांत हवी. म्हणजे माइक कोणता हे आधी ठरत नाही. आवाज कोणाचा आणि खोली कोणती हे ठरलं की माइक आपोआप ठरतो. म्हणून मी म्हटलं की प्रश्न चुकीचा आहे. आम्ही शेवटी इंटरफेस आणि डायनॅमिक माइक विकत घेतला, आणि कंडेन्सर लातूरला शिकणाऱ्या भाच्याकडून चार दिवसांसाठी आणला.

यूएसबी माइक म्हणून एक तिसरी वस्तू मिळते, माइक आणि ती डबी एकाच अंगात. एकच माणूस बोलणार किंवा गाणार असेल, ऑनलाइन शिकवणी असेल, तर ती खुशाल घ्या. वाट सगळ्यात छोटी तीच. तोटा एवढाच की उद्या माइक बदलावासा वाटला तर सगळंच बदलावं लागतं.

वायर हा भाग लोक विसरतात. माइकला तीन पिनांची जाड वायर येते, एक्सएलआर म्हणतात तिला. तिच्यात तोच आवाज दोन तारांतून जातो, एकीतून सरळ, दुसरीतून उलटा, तिसरी तार जमिनीची. वाटेत जी गुणगुण शिरते ती दोन्ही तारांत सारखीच शिरते. पलीकडे यंत्र एकीतून दुसरी वजा करतं, गुणगुण उडते, आवाज राहतो. माझ्या आठवीच्या वर्गाला मी हे वजाबाकीचं उदाहरण म्हणून सांगितलं, गणिताच्या बाईंनी ते उचललंही. म्हणून माइकपासून डबीपर्यंत हीच वायर वापरा. एका टोकाला तीन पिना आणि दुसऱ्या टोकाला जाडी पिन अशी अर्धवट वायर स्वस्त मिळते, पण तिच्यात ही वजाबाकी होत नाही.

आणि अंतर. माइकपासूनचं अंतर दुप्पट केलं की तुमचा थेट आवाज निम्म्याने उतरतो, जाणकारांच्या भाषेत सहा डेसिबल. खोलीचा घुमारा मात्र जवळपास तेवढाच राहतो. म्हणून लांबून केलेलं रेकॉर्डिंग बावडीतलं वाटतं, एको असो वा नसो. तोंडापासून एक वीत हे बरं माप आहे. फार जवळ गेलं की आवाज उगाच जाड होतो आणि प, फ, ब म्हणताना फुंकर लागते, त्यासाठी माइक जरा तिरपा धरायचा. काळा फोम आम्ही आणलाच नाही. गाणाऱ्याच्या पाठीमागे दोरीवर दोन गोधड्या टाकल्या. थोरल्याला लाज वाटली, पण व्हिडिओत त्या दिसणार नव्हत्या.

आवाजाची पातळी ठेवताना हात आखडता ठेवा. पडद्यावरची रेघ सर्वांत मोठ्या सुराला उणे बारापर्यंत गेली तरी पुष्कळ झालं. गाणारा तालमीत दबून गातो आणि खऱ्या वेळी भरात येतो, त्या भरासाठी जागा सोडायची. फाइल वेव्ह प्रकारची ठेवा, चोवीस बिट, ४८ किलोहर्ट्झ. एका आवाजाच्या एका मिनिटाला सुमारे नऊ एमबी लागतात, तासाला साधारण ५२० एमबी, एका पिक्चरपेक्षा कमी. एमपीथ्री नंतर कधीही करता येते. तिची वेव्ह केली तर फक्त आकार वाढतो, गेलेलं परत येत नाही. आणि व्हॉइस नोट म्हणजे तर आवाज पिळून पाठवणं. तिकडून आलेली फाइल मूळ म्हणून जपू नका. पाठवायचीच असेल तर मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून जोडा, म्हणजे ती आहे तशी जाते. घरात नुसता फोनच असेल तरीही करा. वेव्हमध्ये साठवणारं अॅप टाका, फोन विमान मोडवर ठेवा, तोंडापासून एक वीत, पंखा बंद. लॉकडाउनमध्ये मी धडे असेच केले होते. आधीचे महिनाभराचे धडे मात्र टेबलावर फोन ठेवून केलेले. मुलं म्हणायची, "मॅडम, तुमच्यापेक्षा कोंबडा साफ ऐकू येतो."

डिसेंबरच्या सुट्टीत आम्ही खालाच्या गावी गेलो. वीज सकाळी असेल की रात्री, याचा पत्ता नव्हता. तिथे आमच्या छोट्या वाटेचा खरा फायदा कळला. इंटरफेस लॅपटॉपच्या बॅटरीवर चालतो, माइकचे ४८ व्होल्टही त्यातूनच येतात. घरच्या विजेशी संबंध नाही म्हणून गुणगुण नाही, आणि वीज गेली तर पंखा-टीव्ही बंद, म्हणजे उलट शांतताच. पहाटे बसलो. फज्रची अजान होऊन गेली होती, अजून कोणी मोटर लावली नव्हती.

खाला गाईना. दोन ओळी म्हणायची आणि थांबायची. मग म्हणाली, "हाथ फिरा तो याद आता. खाली-पीली कैसा याद आइंगा?" कोपऱ्यातलं जातं ओढलं, पुसलं, मूठभर ज्वारी घातली. तिने खुंटा धरला. दोन फेऱ्यांतच गाणं आलं.

आता जात्याची घरघर हा प्रश्न झाला. आम्ही वापरला तो माइक समोरून जास्त ऐकतो आणि पाठीमागून सगळ्यात कमी. म्हणून त्याची पाठ जात्याकडे आणि तोंड वर खालाच्या हनुवटीकडे केलं. जमिनीची थरथर स्टँडमधून चढत होती, तर स्टँडखाली चौघडी करून वाकळ घातली. घरघर पूर्ण गेली नाही. ती जायलाही नको होती, तिच्याच ठेक्यावर तर गाणं चाललं होतं. हिरव्या काचेच्या बांगड्या मात्र कंडेन्सर इतक्या साफ ऐकत होता की थोरला म्हणाला, काढायला सांगू का? मी नको म्हटलं. तिच्या हातातून त्या कधी उतरलेल्या मी पाहिलेल्या नाहीत.

दोन तासांत तिने अशी गाणी म्हटली जी अम्मीलाही माहीत नव्हती. शब्द न् शब्द कळतो. कडव्यांच्या मध्ये घेतलेला श्वास कळतो, कोंबडाही आहे, पण त्याच्या जागी.

फक्त पहिलं गाणं, आमच्या घरी म्हटलेलं ते सात कडव्यांचं, पुरं आलं नाही. पाच कडवी आली. मी आठवण करून दिली, पहिली ओळ सांगितली, दोन वेळा जातं थांबवून पुन्हा फिरवायला लावलं. "इत्ताच है," म्हणाली. "नहीं खाला, तुम सात बोले थे." "मैं? कब?"

मधल्या चार महिन्यांत ती दोन कडवी तिच्याकडून गेली होती. आता ती जगात एकाच ठिकाणी आहेत, आमच्या त्या एकोच्या फाइलमध्ये. फाटकी, गुणगुणती, बावडीतली. पहिल्या शब्दाचा घुमारा दुसऱ्यावर चढलेला, दुसऱ्याचा तिसऱ्यावर. थोरल्याने हरतऱ्हेने साफ करून पाहिलं. गुणगुण बरीच गेली. फाटलेलं फाटलेलंच राहिलं. एको निघाला नाही.

तेव्हापासून रोज रात्री इशानंतर आम्ही दोघं एकेक कान हेडफोनला लावून बसतो. सहावं कडवं आठवडाभरात उतरवलं. सातव्याची पहिली ओळ लागली. दुसऱ्या ओळीतला एक शब्द मला 'भाई' ऐकू येतो, थोरल्याला 'जाई'. भाई असेल तर ती बहीण वाटेकडे बघतेय. जाई असेल तर ती अंगणातल्या वेलीला पाणी घालतेय. दोन्ही ठेक्यात बसतात. गेल्या जुम्म्याला खालाला फोन करून विचारलं. ओळ ऐकवली, दोन्ही शब्द सांगितले. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "अच्छा है गाना. किसका है?"

वहीत मी दोन्ही शब्द लिहून ठेवलेत, एकाखाली एक.